जोगळटेंभीची विद्रूप नाणी

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात काठ चेपलेले किंवा छाप बिघडलेले नाणे हाती पडले, की दुकानदार ते उलटसुलट करून पाहतो आणि बहुधा परत करतो. ते कशाने बिघडले, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. २०११ चा नाणेविषयक अधिनियमही नाणे विरूप झाले आहे काय आणि वजनात घटले आहे काय, एवढेच पाहतो. मराठीने ही व्यवहारबुद्धी भाषेतच मुरवून घेतली आहे. नाणे बदलून देताना सराफ जी तूट कापून घेई तो बट्टा. तोच पुढे माणसाच्या नावालाही लागू लागला.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र ही दृष्टी उसनी घेऊ नये. १९०६ साली नाशिकजवळील जोगळटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. नाणी १३,००० हून अधिक होती आणि त्यांतील ९,००० हून अधिक विद्रूप होती. झिजेने नाण्याचा उंच भाग, म्हणजे नाक, गाल, केस, आधी आणि हळूहळू सपाट होतो. येथे तसे नाही. ग्रीक वळणाची जुनी अक्षरे नव्या छापाच्या कडेशी एकाएकी तुटतात आणि त्यांच्या जागी चैत्याची आकृती, उज्जयिनी चिन्ह व गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव उमटलेले दिसते. नाणे न वितळवता त्यावर पुन्हा ठसा मारला गेला होता. नवी रेषा जुनीला छेदून जाते, त्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण, याविषयी शंका उरत नाही.

ठसा कसा बसला हे येथवर निश्चित आहे. तो का मारला, याचे प्रचलित उत्तर मात्र नाण्यावरून आलेले नसून प्रशस्तीवरून आलेले आहे. गौतमी बलश्रीने नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी नाशिकच्या लेण्यात कोरविलेल्या लेखात आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला असे म्हटले आहे. मातेने दिवंगत पुत्राविषयी काव्यमय प्राकृतात लिहविलेला हा मजकूर प्रभावी आहे, यात संशय नाही. त्याच्याच प्रकाशात नाणी पाहिली, की शत्रूच्या मुखावर मारलेला सूडाचा घाव दिसू लागतो. वस्तुतः विटंबनाच करावयाची तर छिन्नी पुरेशी होती, आणि नामशेष करावयाचे तर मूस होतीच. शिवाय या नाण्यांचा अभ्यास करणारे रेव्ह. एच. आर. स्कॉट यांनी नहपानाच्या नाण्यांवरील मुखे परस्परांहून फार भिन्न असल्याचे तेव्हाच दाखवून दिले होते. जे मुख नाण्यागणिक बदलते, त्याचा अपमान करण्यात कोणता पुरुषार्थ?

सातकर्णीचे वर्तन समजून घेण्यास त्याचा स्वतःचा, १८ व्या वर्षाचा नाशिक येथील लेख अधिक उपयोगी आहे. नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे तोवर असलेले २०० निवर्तनांचे शेत तो भिक्षूंना देतो. शेत तेच, नाव नवे. नाण्याच्या बाबतीतही हेच घडले आहे. चांदी तीच, वजन तेच. हमी मात्र बदलली. दुकानदार ज्याला बिघाड म्हणेल, ती येथे राजाने दिलेली मान्यता होती.

प्रशस्ती खोटी आहे असे यावरून ठरत नाही. राजकुल नष्ट करूनही त्याचे चलन राखता येते. परंतु प्रशस्ती हा मूळ पाठ आणि नाणी हे तिचे चित्र, हा जो क्रम आपल्या अध्यापनात रूढ झाला आहे, तो उलटा आहे. प्रशस्तीला श्रोत्यांचे मन जिंकावयाचे असते. नाण्याला उद्याच्या बाजारात चालावयाचे असते, म्हणून ते अतिशयोक्ती फारशी करू शकत नाही.

सूडाची उपपत्ती मानणाऱ्यांनी एका गोष्टीचा खुलासा करावयास हवा. त्याच ठेव्यातील सुमारे ४,००० नाणी ठशाविना राहिली आहेत. ज्याने तो ठेवा केला, त्याने राजाच्या छापाची आणि नहपानाची कोरी अशी दोन्ही नाणी एकत्रच साठवून ठेवली होती.