धर्माला पन्नासपैकी किती?



आपल्या समाजाच्या एका प्राथमिक शाळेत (नाव लिहीत नाही, ओळखायचं ते ओळखतील) जूनपासून पहिली ते चौथीला धर्मशिक्षण सुरू करायचं घाटतंय. आठवड्याला तीन तास, सगळ्यांना सक्तीचे, वर सत्राअखेर पन्नास गुणांची परीक्षा. महिला मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. माझा याला विरोध आहे.

आधी कायदा. राज्यघटनेचं कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत देता येतं, पण सक्ती नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. २०१४ साली आपल्याला देशपातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला तो आपल्या संस्था आपण चालवाव्यात म्हणून, शेजारणीच्या मुलाकडून णमोकार घोकून घ्यायला नव्हे. या शाळेत निम्मी मुलं आपली नाहीत. उद्या आपल्या नातवाला दुसऱ्या कुणी असंच सक्तीनं बसवलं तर मोर्चा काढायला आपणच पुढे असू ना?

पण माझं खरं भांडण परीक्षेशी आहे. आदिनाथांचं लांछन वृषभ, अजितनाथांचं हत्ती, संभवनाथांचं घोडा. जोड्या जुळवायला मुलांना मजाच येते, त्याला माझी ना नाही. अहिंसेच्या जोड्या कशा जुळवणार? पन्नासपैकी अठ्ठेचाळीस घेतलेला मुलगा सुट्टीत कुत्र्याच्या पिलाला दगड मारतो, त्याचे गुण कोण कापणार? आणि रात्रिभोजन त्यागावर पाच ओळी लिहून आलेल्या पोराला घरी साडेनऊला ताट वाढलं, तर काय होईल? मी कॉमर्सची. मुलं फार चोख हिशेबनीस असतात. वहीत लिहायचा धर्म वेगळा आणि ताटातला वेगळा, हे ती पहिल्याच महिन्यात ताडतात.

एकजण म्हणाल्या, "सुना नोकरीवरून साडेसातला येतात, शिकवणार कोण?" खरं आहे. पण हे काम सुनेचंच, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय? घरात निवृत्त आजोबा दिवसभर बातम्या बघत असतात, त्यांना पाणी गाळता येत नाही का? आणि रविवारची पाठशाळा आहेच की. तिथं पोरं कमी, कारण त्याच वेळी क्रिकेटचं कोचिंग आणि अबॅकस. त्याची फी आपण वर्षाची आगाऊ भरतो.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्यातलेच, १८८७ साली कुंभोजला जन्मलेले. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. याहून मोठा धर्माचा तास मला ठाऊक नाही.

गुरुवारी मंडळाची बैठक आहे, त्यात मी तीन मागण्या मांडणार आहे. तास ऐच्छिक करा आणि आधी पालकांचं संमतीपत्र घ्या. गुण आणि परीक्षा काढून टाका. पुस्तकं छापायला जमवलेली वर्गणी पाठशाळेच्या शिक्षिकेच्या मानधनाला द्या; ती बिचारी कित्येक वर्षं फुकट शिकवतेय. अर्ज मी लिहून आणते. सही करायची असेल त्यांनी चारच्या आधी या, नंतर चहा सुरू होतो आणि विषय राहून जातो.