विदेशी घोट, देशी गुन्हा

२०२० च्या टाळेबंदीत शहरी अभिजनांना एक नवा छंद सापडला. व्हिस्कीच्या बाटल्या समोर मांडायच्या, ठरल्या वेळी संगणकाचा पडदा उघडायचा, आणि दूरदेशीच्या जाणकाराने शिकवावे तसे प्याला फिरवून, नाकाशी धरून, मधाचा वास कोणता नि ओकच्या लाकडाचा कोणता हे ओळखायचे. टाळेबंदी उठली, छंद उरला. केशवसुतांच्या जन्मगावी, मालगुंडला, समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या बंगल्यात बसूनही आयरिश व्हिस्कीच्या अशा आस्वादवर्गात सामील होता येते. बाटली परवानाधारक दुकानातली असली आणि पिणाऱ्यापाशी पिण्याचा परवाना असला, की त्याच्या वाटेला कोणी जात नाही.

त्याच कोकणच्या कातळावर फाल्गुन-चैत्रात काजूखाली बोंडांचा सडा पडतो. बी वेचली जाते, विकली जाते. बीच्या सहा ते दहा पट वजनाचे बोंड मात्र दिवसभरात आंबू लागते आणि बहुतांशी झाडाखालीच कुजते. शेतकऱ्याने ते चेचून, रस आंबवून घरामागे गाळले, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तो गुन्हेगार ठरतो. छापा पडतो, रसायन ओतून दिले जाते, भांडी फोडली जातात, आणि दुसऱ्या दिवशी 'हातभट्टी उद्ध्वस्त' अशी चार ओळींची बातमी येते. दक्षिणेला बांदा मागे टाकून गोव्याच्या हद्दीत शिरले, की याच बोंडाची फेणी होते. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचा वारसा म्हटले. झाड तेच, बोंड तेच. मधे फक्त तपासणी नाका आहे.

ज्या व्हिस्कीचे बंगल्यात एवढे कौतुक चालते, तिचा इतिहास त्या वर्गात पुरता शिकवला जात असेल का, याची शंका येते. आयर्लंडच्या शेतकऱ्याचीही घरगुती दारू होती. तिचे नाव पॉटचीन. १६६१ साली इंग्रजी राजवटीने मद्यावर कर बसवला, आणि कर न भरणारी पॉटचीन बेकायदा ठरली. पुढे मोड आणलेल्या बार्लीवर कर आला, तेव्हा तो वाचवण्यासाठी आयरिश गाळणाऱ्यांनी मोड न आणलेली बार्ली मिसळली. रसिक आज डोळे मिटून जी खास आयरिश चव शोधतात, ती अशी करचुकवेगिरीतून जन्मली! स्वतंत्र आयर्लंडने १९९७ साली पॉटचीनवरील बंदी उठवली आणि २००८ साली तिला मानांकनही मिळाले. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा करून ताडामाडाच्या रसावर आणि गाळपावर पकड बसवणारे राज्यकर्ते त्याच साम्राज्याचे होते. त्या साम्राज्याचा निरोप घेऊनही महाराष्ट्राच्या आबकारी खात्याची नजर बदललेली नाही.

ही नजर दारूविरोधी असती तर तक्रार नव्हती. ती वर्गीय आहे. एका दिवसाचा पिण्याचा परवाना देशी दारूसाठी दोन रुपयांना आणि विदेशीसाठी पाच रुपयांना मिळतो. प्रतवारी तिथूनच सुरू होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारने आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाला काजूबोंडाची व मोहाच्या फुलांची आठवण झाली, तेव्हा निर्णय काय झाला? त्यांच्या मद्याला 'देशी' वर्गातून काढून 'विदेशी' वर्गात बसवण्याचा. कोकणच्या कातळावर पिकलेल्या फळाला प्रतिष्ठा हवी असेल तर त्याने आधी परदेशी व्हावे! शिवाय त्या वर्गाचा कारखाना, परवाने, शुल्क हे सारे भांडवलवाल्याला पेलणारे आहे. दहा-वीस कलमांच्या धन्याला त्यातून बोंडाचा भाव तेवढा मिळणार, आणि तो ठरवणार कारखानदार.

हातभट्टी म्हणजे विष, हे उत्तर ठरलेले आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली, ती मिथेनॉलने. हे औद्योगिक रसायन बोंडाच्या रसातून आले नव्हते. तपासणीची यंत्रणा गावापर्यंत पोहोचवणे हा त्यावरचा उपाय, आणि सरकारने नेमका तोच टाळला आहे.

यापेक्षा गंभीर आक्षेप चळवळीच्या आतून येईल. पगाराच्या दिवशी गुत्त्यात रिकामा होणारा खिसा आणि घरी मार खाणारी बाई ज्यांनी पाहिली, त्या कार्यकर्त्यांना गाळपाचा परवाना मागणे हा द्रोह वाटेल. ती भीती खरी आहे. म्हणूनच परवाना मागायचा तो व्यक्तीसाठी नव्हे, काजू उत्पादकांच्या सहकारी संस्थेसाठी. हंगामापुरता, नोंदलेल्या भांड्यांवर, प्रत्येक घाण्याच्या तपासणीसह, आणि गावात नवे दुकान न उघडता. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडवी बाटली' केली तर दारूचे दुकान बंद करावे लागते, हा हक्क महाराष्ट्रातील बायांनी लढून मिळवला आहे. संस्थेच्या भट्टीलाही त्याच मतदानाखाली आणावे, आणि तेही परवान्यानंतर नव्हे, आधी. बंगल्यातल्या पडद्यापुढच्या बाटलीवर मात्र त्यांना अद्याप मत नाही.