'रणांगण'मधील वियोग आणि मुंबई बंदर

विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण' (१९३९) या कादंबरीच्या थोरवीविषयी मराठी समीक्षेत फारसा मतभेद नाही. फडके-खांडेकर युगाच्या ऐन भरात, तंत्राचा सोस आणि ध्येयवादाचा उमाळा हे दोन्ही टाळून, एवढ्या लहान आकाराच्या कादंबरीने मराठी कथात्म साहित्याला एका जागतिक अरिष्टाशी भिडवले, ही गोष्ट वारंवार सांगितली गेली आहे आणि ती खरीही आहे. मात्र चक्रधर आणि हॅर्टा यांच्या वियोगाचा विचार करताना 'नियती' हा शब्द फार लवकर हाताशी घेतला जातो. दोन जीव एकत्र आले, इतिहासाच्या लाटेने त्यांना दूर फेकले, एक बुडाला आणि एक उरला, असे हे वाचन आहे. ते चुकीचे म्हणता येणार नाही. पण सोयीचे आहे, आणि त्या सोयीची किंमत हॅर्टाला मोजावी लागते.

कथानक सर्वपरिचित आहे. युरोपातून स्वदेशी परतणारा चक्रधर विध्वंस एका इटालियन बोटीवर आहे. उमावरील प्रेमाच्या अपयशाने कडवट झालेल्या या तरुणाने स्त्रीविषयी एक बेफिकीर पवित्रा स्वीकारलेला आहे. (त्याच्या आडनावावरून अर्थाचे इमले पुष्कळांना रचावेसे वाटतात. ते एक साधे मराठी आडनाव आहे, हेही ध्यानात असलेले बरे.) याच बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून देशोधडीला लागलेले ज्यू निर्वासित आहेत आणि त्यांत हॅर्टा आहे. खेळ म्हणून सुरू झालेली जवळीक थोड्याच दिवसांत दोघांनाही पेलवेनाशी होते. बोट मुंबईला लागते. चक्रधर उतरतो, हॅर्टाची बोट शांघायच्या दिशेने पुढे जाते, आणि वाटेत ती समुद्रात जीव देते.

या आराखड्यात युद्ध प्रत्यक्ष कोठेच नाही. एकही गोळी सुटत नाही. तरीही शीर्षक 'रणांगण' आहे, आणि त्याचे समर्थन बहुधा 'मनाचे रणांगण' अशा लाक्षणिक अर्थाने केले जाते. या लाक्षणिकतेची खरे तर गरज नाही. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. जुलै १९३८मध्ये एव्हियाँ येथे बत्तीस राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले, पण एखाददुसरा अपवाद सोडल्यास निर्वासितांसाठी दार उघडायला कोणी तयार झाले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टावर तांबडे 'जे' अक्षर उमटू लागले, आणि देश सोडताना त्यांना अवघे दहा मार्क सोबत नेता येत. तोफा धडाडण्यापूर्वीच हे युद्ध कागदांवर सुरू झालेले होते. ज्या बोटीवर काही उतारूंना आपले बंदर ठाऊक आहे आणि काहींना कोणतेच बंदर आपले म्हणता येत नाही, ती बोट शब्दशः रणांगण आहे. बेडेकरांनी प्रेमकथा घडवली आहे ती नेमकी या दोन प्रकारच्या उतारूंमध्ये. तिच्या जन्मापासूनच ती विषम आहे.

हेमिंग्वेच्या 'ए फेअरवेल टू आर्म्स'शी (१९२९) तुलना केल्यास हे अधिक उघड होते. तेथील नायक युद्धाकडे पाठ फिरवून प्रेयसीसह स्वित्झर्लंडमध्ये पोहोचतो. सुरक्षित भूमी दोघांनाही मिळते, आणि मृत्यू येतो तो प्रसूतीतून. 'नियती' हा शब्द तेथे शोभतो. 'रणांगण'मध्ये सुरक्षित भूमी एकालाच मिळते. हॅर्टाच्या मृत्यूकडे जाणारी वाट मुंबईच्या धक्क्यावरून जाते, आणि धक्का ही माणसांनी बांधलेली व माणसांनीच राखलेली वस्तू आहे.

हे दार पूर्णपणे बंद नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. वॉल्टर कॉफमन हा संगीतकार १९३४मध्ये मुंबईत येऊन राहिला. आकाशवाणीची संकेतधून त्याच्या नावावर आहे. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर १९३०च्या दशकाच्या अखेरीस याच शहरात स्थिरावला आणि येथील तरुण चित्रकारांच्या एका पिढीला त्याचा आधार मिळाला. नोकरी असेल, कोणी हमी घेणारा असेल, तर ब्रिटिश अंमलाखालील हिंदुस्थानात ज्यू निर्वासिताला प्रवेश मिळू शके. शिवाय ज्या कोकण किनाऱ्यालगत ही बोट आली, तेथे मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू शतकानुशतके नांदत होते. कादंबरीचा प्रश्न त्यामुळे 'हॅर्टा का उतरू शकली नाही' एवढ्यावर थांबत नाही. तिची हमी घेऊ शकेल असा माणूस कोण होता, हाही तो प्रश्न आहे. चक्रधर स्वतः परतंत्र देशाचा नागरिक आहे. मायभूमी त्याची असली तरी तिचे दार त्याच्या ताब्यात नाही. परंतु ही असहायता आणि त्याच्या स्वभावातील कचखाऊपणा यांच्यामधली रेषा बेडेकर मुद्दाम पुसट ठेवतात. ज्याने इतकी वर्षे कोणाचीच हमी न घेण्याला शहाणपण मानले, त्याच्यावर हमी घेण्याची वेळ येते तेव्हा काळ संपत आलेला असतो. समीक्षेने त्याला या जागी फार सहज मोकळे सोडले आहे.

याहून अवघड गोष्ट शांघायची आहे. १९४५नंतरचा वाचक हॅर्टाचा मृत्यू नकळत छळछावण्यांच्या खाती जमा करतो. जर्मनीत राहिली असती तर तिचे काय झाले असते, हे त्याला ठाऊक असते, आणि समुद्रातील मृत्यू त्या भीषणतेचाच एक तुकडा वाटू लागतो. प्रत्यक्षात, ऑगस्ट १९३९मध्ये निर्बंध येईपर्यंत शांघाय हे व्हिसाविना उतरता येणारे जगातील दुर्मिळ बंदर होते. सुमारे सतरा ते वीस हजार ज्यूंनी तेथे आश्रय घेतला. १९४३मध्ये जपान्यांनी त्यांना हाँगक्यू भागात कोंडले. भूक आणि रोगराईने अनेक दगावले. तरी त्यांतील बहुसंख्य माणसे युद्धातून जिवंत बाहेर पडली. म्हणजे ज्या बंदराकडे हॅर्टाला जावेसे वाटले नाही, त्याच बंदराने तिला बहुधा वाचवले असते. १९३९मध्ये लिहिणाऱ्या बेडेकरांना यांतले काही कळणे शक्य नव्हते, आणि कादंबरीचे मूल्य भविष्यकथनावर मोजायचे नाही. पण या माहितीने आजच्या वाचकाची एक पळवाट बंद होते. हॅर्टाचा बळी एकट्या हिटलरने घेतला असे म्हणून मोकळे होता येत नाही. जगण्यासाठी केवळ बंदर पुरत नाही, त्या बंदरावर कोणीतरी आपले असावे लागते, हे तिला एका माणसाच्या सहवासात पुन्हा वाटू लागले होते. आणि तो माणूस मुंबईला उतरला. प्रेमाने तिला जिवंत केले असे म्हणणाऱ्यांनी त्याच प्रेमाने तिचे निर्वासितपण असह्य केले, हेही म्हणायला हवे.

कादंबरीच्या निवेदनाकडे पाहिले तर लेखकाला हे पुरते उमगले होते असे दिसते. निवेदन चक्रधराचे आहे. हॅर्टा आपल्याला दिसते ती त्याच्या डोळ्यांनी, प्रथम कुतूहलाचा विषय म्हणून आणि मग हळूहळू व्यक्ती म्हणून. अशा निवेदनात वाचलेल्या पुरुषाच्या पश्चात्तापाने मृत स्त्रीला व्यापून टाकण्याचा धोका असतो. त्या काळच्या कादंबरीत तर ती रूढीच होती. पुरुषाने शहाणे व्हावे म्हणून स्त्रीने मरावे, अशी उदाहरणे शोधावी लागत नाहीत. बेडेकरांनी अखेरीस हॅर्टाची पत्रे ठेवून हा धोका टाळला आहे. चक्रधराचा आवाज मागे सरतो आणि ती स्वतः बोलू लागते. चित्रपटाच्या क्षेत्रात वावरलेल्या या लेखकाला कोणाला केव्हा पडद्याबाहेर काढावे, हे चांगले समजत होते. पत्रांतली हॅर्टा चक्रधराने रंगवलेल्या हॅर्टापेक्षा अधिक स्पष्ट आहे, आणि म्हणूनच त्याचे निवेदन मागे वळून पुन्हा तपासावेसे वाटते.

जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०२०मध्ये आल्यावर हे पुस्तक निर्वासितांच्या साहित्याच्या शेजारी ठेवून वाचण्याची सोय झाली. अ‍ॅना सेगर्सच्या 'ट्रान्झिट'सारख्या (१९४४) कादंबरीत निर्वासितांच्या बंदरातील सारी घालमेल प्रवाशाच्या बाजूने येते. बेडेकरांचा निवेदक ज्याला उतरण्याचा हक्क आहे असा माणूस आहे. त्याच्या हाती हॅर्टाची पत्रे पडतात. तो ती वाचू शकतो, पुन्हा वाचू शकतो. त्याचे उत्तर पोहोचेल असा पत्ता मात्र तोवर उरलेला नसतो.