घाम उन्हाचाच असेल असं नाही

मे महिन्यातली दुपार, पारा ४५ अंशांच्या घरात. अकोल्याजवळच्या एखाद्या खेड्यात साठीच्या बाबांना दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, "ऊन लागलं बापा." डोक्यावर ओला दुपट्टा, नाकाशी कांदा, नाहीतर गावातच एक सलाईन. बाबांना शुगर आहे आणि महिन्याभरापूर्वी हेपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत, हे त्या घाईत कोणाला आठवणार? पण ही लक्षणं साखर उतरल्याचीही असू शकतात, म्हणून अशा माणसाच्या बाबतीत आधी बोट टोचून साखर बघायला हवी.

हेपॅटायटिस सीचा विषाणू यकृतात घर करतो. एरवी जेवण झालं की इन्सुलिन यकृताला साखर सोडणं थांबवायला लावतं. विषाणूने ग्रासलेलं यकृत त्याला दाद देत नाही. साखर चढते, डॉक्टर गोळी वाढवतात, पुढे इन्सुलिनचे युनिट वाढतात. वर्षानुवर्षं डोस ठरतो तो या आजारी यकृताच्या मापाने. मग हेपॅटायटिस सीच्या सोफोस्बुव्हिर आणि डाक्लाटास्विर या गोळ्या सुरू होतात, काही आठवड्यांत विषाणू रक्तातून जातो, यकृत इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतं आणि कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त होतो. पहिले तीन महिने मधुमेहींच्या साखरेवर बारीक लक्ष ठेवा, असा इशारा अशा औषधांच्या युरोपातल्या माहितीपत्रकात आहे. आपला नेहमीचा कोर्सही १२ आठवड्यांचाच.

प्रत्येकाची साखर उतरतेच असं नाही, आणि मधुमेह कायमचा जातो असंही कोणी समजू नये. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनने उतरते. आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत सर्रास दिली जातात. त्यात गुरुवारचा उपास धरून शेगावची पायी वारी करणारे मधुमेही आपल्या घराघरांत आहेत. या तीन महिन्यांत तरी त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशीपोटी चालू नये.

तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट, म्हणजे एचबीएवनसी, इथे कामाचा नाही. तो मागचं सांगतो, आजची दुपार नाही. शिवाय सिकलसेल असेल तर तो चुकीचाही येऊ शकतो, आणि सिकलसेल विदर्भाला नवा नाही.

यातली सोफोस्बुव्हिर २०१३ मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा तिच्या एका कोर्सची किंमत ८४ हजार डॉलर होती. आपल्याकडे २८ जुलै २०१८ पासून हेपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत आहेत, आणि शंभरातले पंचाण्णव बरे होतात. सरकारी आरोग्यसेवेने केलेल्या उत्तम कामांपैकी हे एक आहे, असं मी मनापासून मानतो. म्हणूनच मधली फट डाचते. कावीळ-यकृताचा कागद एका टेबलावर, शुगरचा दुसऱ्या, आणि इन्सुलिन लिहून देणारे डॉक्टर कदाचित तिसऱ्याच गावात. अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार, हेपॅटायटिसच्या गोळ्या देणाऱ्या प्रत्येक केंद्राने रुग्णाच्या गावच्या उपकेंद्राला एक चिठ्ठी द्यावी: यांची साखर दर आठवड्याला बघा. ग्लुकोमीटर तिथे असतो, आशाताई घर ओळखतात. वेगळी योजना काढायची गरज नाही.

ज्यांच्या घरी हा कोर्स सुरू होणार आहे, त्यांनी दोन्ही आजारांच्या गोळ्या एकाच पिशवीत घालून न्याव्यात आणि डॉक्टरांना विचारावं, "शुगरच्या डोसाचं काय करायचं?" स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. घाम, थरथर, अंधारी आली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.