न वाजलेला अलार्म आणि ग्राहकाचा हक्क

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरलगतच्या कळंबा परिसरात एका राहत्या घरात गॅसचा स्फोट झाला. घरातील माणसे होरपळली, जीवितहानीही झाली. अशी वार्ता वाचल्यावर आपल्या घरात धोक्याची सूचना देणारे एखादे यंत्र असावे, असे कोणाही कुटुंबप्रमुखास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विकत घेतलेले यंत्रच ऐनवेळी मुके राहिले आणि त्यामुळे कोणास इजा झाली, तर दाद कोठे मागावयाची?

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. स्मोक अलार्म धूर ओळखतो, गॅस नव्हे. गॅसगळतीसाठी गॅस डिटेक्टर हे वेगळे यंत्र लागते. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्याचे यंत्र भिंतीवर खालच्या बाजूस लावतात. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हवेहून हलका असल्याने वर चढतो; त्याचे यंत्र छताजवळ हवे. सिलिंडर जाऊन पाइप आला आणि यंत्र मात्र जुन्याच जागी राहिले, तर त्याचा भरवसा धरता येत नाही. हा यंत्राचा दोष नव्हे. मात्र ते कोठे व कसे लावावे याची पुरेशी सूचना उत्पादकाने दिलीच नसेल, तर कायदा त्यालाही उत्तरदायी धरतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील सहावे प्रकरण याच विषयाला वाहिलेले आहे. निर्मितीतील दोष, रचनेतील दोष, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणे आणि अपुऱ्या सूचना, यांमुळे झालेल्या हानीची भरपाई कलम ८४ नुसार उत्पादकाकडून मागता येते. हमी खोटी ठरली, तर ती देताना आपण निष्काळजी नव्हतो, असे सिद्ध करूनही त्याची सुटका होत नाही. उत्पादकाचा ठावठिकाणाच लागत नसेल, तर कलम ८६ प्रमाणे विक्रेत्यावर जबाबदारी येते. स्वस्त, अनोळखी यंत्रे घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. याउलट, यंत्राचा गैरवापर केला किंवा त्यात परस्पर फेरफार केला, तर विक्रेत्याविरुद्धचा दावा टिकत नाही.

दावा केवळ पावतीवर नाव असणाऱ्यानेच करावयाचा असतो, हा समज चुकीचा आहे. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच. म्हणून मुलाने आणलेल्या यंत्राबद्दल सासूबाई वा सूनबाई तक्रार करू शकतात. मृत्यू ओढवल्यास वारसांना तो अधिकार आहे.

खर्चाच्या भीतीने अनेक जण मागे सरतात. वास्तविक आयोगाची अधिकारकक्षा व शुल्क ही मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतात. समजा, यंत्र दोन हजार रुपयांचे आहे आणि भरपाई दहा लाखांची मागावयाची आहे. तरी तक्रार जिल्हा आयोगातच दाखल होते आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीस शुल्क शून्य असते. कंपनी दूरच्या शहरातील असली, तरी तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कळंब्याच्या रहिवाशाने कोल्हापूर सोडण्याचे कारण नाही. वकील देणे बंधनकारक नाही. हवा असल्यास स्त्रियांना, उत्पन्नाची अट न लावता, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचा दूरध्वनी १५१०० आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५.

मात्र हक्क कितीही भक्कम असला, तरी तो पुराव्यावर उभा असतो. दोषाची तपासणी आवश्यक असेल, तर आयोग वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवितो. जळालेले यंत्र भंगारात गेले, तर तपासावयाचे काय? दुर्घटनेनंतर घर आवरण्याच्या घाईत नेमके हेच घडते. म्हणून यंत्र आहे त्या स्थितीत, न उघडता जपावे. भिंतीवरील जागेसह त्याची छायाचित्रे काढावीत. खरेदीची पावती, हमीपत्र, माहितीपत्रक, पोलीस पंचनामा, अग्निशमन दलाचा अहवाल व उपचारांची सर्व कागदपत्रे एकत्र ठेवावीत. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये.

यंत्राची पावती पैशांच्या पाकिटात राहिली, तर कालांतराने तिची अक्षरे पुसट होऊ शकतात. यंत्र घरी आणले त्याच दिवशी तिची छायाप्रत काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावी आणि ती कोठे आहे हे घरातील दुसऱ्या एका व्यक्तीस सांगून ठेवावे.