विश्लेषण : तबला आणि चिप एकाच मंचावर; मग अकरावीच्या अर्जात वेगळ्या रांगेत का?

कुर्ला : मोठा आंतरराष्ट्रीय सन्मान म्हटलं की आधी नोबेल आठवतं. पण नोबेलमध्ये साहित्य सोडलं तर कुठल्याच कलेला जागा नाही. संगीत, चित्रकला, नाटक सगळं बाहेर. ही उणीव भरून काढणारा एक मोठा सन्मान म्हणजे जपानचा क्योटो पुरस्कार. २०२२ मध्ये तो मुंबईच्या उस्ताद झाकीर हुसेन यांना मिळाला. त्यांच्या ग्रॅमीची जेवढी चर्चा झाली, तेवढी याची झाली नाही.

काय आहे हा पुरस्कार?

‘क्योसेरा’ कंपनीचे संस्थापक काझुओ इनामोरी यांनी १९८४ मध्ये इनामोरी फाउंडेशन स्थापन केलं आणि १९८५ पासून हा पुरस्कार दिला जाऊ लागला. विभाग तीन : प्रगत तंत्रज्ञान, मूलभूत विज्ञान, कला आणि तत्त्वज्ञान. प्रत्येक विभागात विषय आळीपाळीने येतात, त्यामुळे संगीताची पाळी चार वर्षांनी येते. विज्ञानाची प्रगती आणि माणसाच्या मनाची वाढ बरोबरीने व्हावी, ही इनामोरींची भूमिका होती.

२०२२ चे मानकरी कोण?

तंत्रज्ञानात कार्व्हर मीड. एका चिपवर प्रचंड संख्येने ट्रान्झिस्टर बसवण्याची, म्हणजे ‘व्हीएलएसआय’ची रचनापद्धती त्यांनी लिन कॉनवे यांच्यासोबत घडवली. तुम्ही ही बातमी ज्या फोनवर वाचताय, त्यातली चिप याच वाटेने आली. विज्ञानात ब्रायन ग्रेनफेल, साथी कशा पसरतात याचं गणित मांडणारे. आणि कलेत झाकीर हुसेन. रक्कम तिघांना सारखीच, प्रत्येकी १० कोटी येन. चिपला जास्त आणि तबल्याला कमी, असा हिशोब तिथे नाही.

आपल्याकडे काय होतं?

कुर्ल्यातून वाहणारी मिठी नदी जिथे समुद्राला मिळते, त्या माहीममध्ये झाकीरभाई वाढले. आज याच पट्ट्यात तबला शिकणारा मुलगा ठरावीक परीक्षा पास झाला, तर त्याला दहावीला वाढीव गुण मिळतात. योजना चांगली आहे. गंमत पुढे आहे. त्या गुणांनी टक्का वाढतो, वाढलेल्या टक्क्यावर विज्ञान शाखा मिळते आणि मग क्लासच्या वेळापत्रकात रियाजाला जागाच उरत नाही. तबला शिडीसारखा वापरायचा आणि वर पोहोचलं की ढकलून द्यायचा.

‘तबल्यावर घर चालतं का?’ ही पालकांची भीती खोटी नाही. झाकीर हुसेन लाखांत एक होतात. पण इंजिनीअरिंगला जाणारा प्रत्येक जण मीड होत नाही, तरी आपण मुलांना तिथे पाठवतोच. मग मोजमाप फक्त कलेलाच का?

काय करता येईल?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत नको, असं म्हटलंय. अकरावीच्या अर्जात मात्र कला, वाणिज्य, विज्ञान हे रकाने कायम आहेत. दहावीत कलेला गुण देणाऱ्या शासनाने बारावीपर्यंत विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही तशीच सोय द्यावी. म्हणजे निदान दोन वर्षं तबला माळ्यावर जाणार नाही.

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले, तेव्हा आपण सगळ्यांनीच स्टेटस ठेवले. त्यांची खरी आठवण ठेवायची असेल, तर घरातल्या दहावीच्या मुलाला ‘आता तबला बंद’ म्हणण्याआधी एकदा थांबू या.