अपग्रेडनंतर डिस्कचं नाव बदललं तर

लिनक्स अपग्रेड केलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ आला, तर नागपुरात जाणकाराला बोलावता येतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडात ते सोपं नाही. 2019च्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं आणि तालुक्याचा संपर्क पुन्हापुन्हा तुटला. अशा दिवसांत वीज आणि नेटचाही भरवसा नसतो. इथल्या शाळेत, दवाखान्यात, कार्यालयात कुणी लिनक्स चालवत असेल, तर हा बिघाड त्याला स्वतःलाच दुरुस्त करता आला पाहिजे.

बहुतेक वेळा डिस्क बिघडलेली नसते, तिचं फक्त नाव बदललेलं असतं. एसडीए, एसडीबी ही नावं कर्नल सुरू होताना देतो, जी डिस्क आधी सापडेल तिला आधीचं. नवा कर्नल डिस्क एकाच वेळी शोधू लागला किंवा ड्रायव्हर बदलला की क्रम फिरतो, आणि एफएसटॅब या माउंटच्या यादीत जुनंच नाव राहिल्याने मशीन अडतं. नावं बदलणं आजचं नाही. 2007 साली फेडोरा 7 आलं तेव्हा जुन्या आयडीई डिस्कची एचडीए ही नावं एसडीए झाली होती.

मशीन अडून बसतं तेव्हा निदान कळतं तरी. मला धास्ती वाटते ती मुकाट्याने होणाऱ्या घोटाळ्याची. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये एसडीबी लिहिलेलं आहे आणि अपग्रेडनंतर एसडीबी ही मूळ डिस्क झाली आहे, असं समजा. स्क्रिप्टमध्ये फॉरमॅटची किंवा डिस्कवर थेट लिहिणाऱ्या ‘डीडी’ कमांडची ओळ असेल, तर रुग्णांच्या नोंदी एका झटक्यात जातात. दुसरा प्रकार याहून फसवा. एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ लिहिलं असेल तर बॅकअपची डिस्क न सापडताही मशीन सुरळीत सुरू होतं. बॅकअप मात्र त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवरच साठत राहतो. ती डिस्क गेली की दोन्ही गेलं.

तेव्हा इमर्जन्सी मोड दिसला की घाईने नव्याने इन्स्टॉल करू नका. रूटचा पासवर्ड देऊन आत शिरा आणि ‘एलएसबीएलके’ ही कमांड ‘वजा एफ’ जोडून चालवा. प्रत्येक विभागाचं लेबल आणि यूयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक, समोर येतो. एफएसटॅबमध्ये एसडीबी1 असेल तिथे लेबलवरून ओळखलेल्या योग्य विभागाचा यूयूआयडी लिहा. बदल साठत नसेल तर रूट विभाग केवळ वाचनापुरता माउंट झालेला असतो. तो आधी रीमाउंट करा. रीबूटआधी ‘फाइंडएमएनटी’ या कमांडची ‘व्हेरिफाय’ तपासणी करा. स्क्रिप्टमध्ये ‘डेव्ह’मधल्या ‘डिस्क/बाय-आयडी’चा पत्ता वापरा, त्यात सहसा डिस्कचा अनुक्रमांकच असतो. एक ध्यानात ठेवा: फॉरमॅट केल्यावर यूयूआयडी बदलतो, आणि हुबेहूब क्लोन केलेल्या दोन डिस्कचा एकच असतो.

माझं ठाम मत आहे की भामरागडसारख्या ठिकाणी भर पावसाळ्यात अपग्रेड करूच नये. मे महिन्यात एफएसटॅब आणि स्क्रिप्ट तपासा, यूयूआयडीची यादी कागदावर उतरवा, कॅबिनेटला चिकटवा आणि मगच अपग्रेड करा.